चारशे सतरा नंबरचा मफिन

सिंकमधल्या फेसातून ट्रे वर आला, त्याच्या कडेची निळी चिकटपट्टी दिसली, आणि तिच्या हातातली घासणी तिथेच गळून पडली.

निळ्या पट्टीचा ट्रे घासायच्या भांड्यांत येण्याचं काही कारणच नव्हतं. तो कामाचा ट्रे होता. ती दात बनवायची. घराच्या मागच्या खोलीत तिची छोटी भट्टी होती, आणि शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाची मापं तिच्याकडे पाठवत. त्या मापांवरून ती कॅप, कवळ्या तयार करून परत पाठवी. कुणाचा दात कुणाच्या तोंडात जाऊ नये म्हणून तिनं एक युक्ती काढली होती. मफिनच्या बारा खळग्यांच्या ट्रेमध्ये कागदाच्या पांढऱ्या वाट्या बसवायच्या, एकेका वाटीत एकेकाचा दात ठेवायचा, आणि वाटीच्या तळाला बाहेरून पेन्सिलीनं पेशंटचा नंबर घालायचा. दुकानातून तिनं एकदम दोन सारखे ट्रे आणले होते, एक दातांसाठी आणि एक खरोखरच्या मफिनसाठी. दातांच्या ट्रेला निळी पट्टी लावली होती. आता घोटाळा होणं शक्यच नाही, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानानं सांगायचीही.

काल संध्याकाळी निळ्या ट्रेमध्ये एकच दात उरला होता. नंबर चारशे सतरा, वरचा, पुढचा. बाकीच्या अकरा वाट्या नव्या, कोऱ्या होत्या. कॅपचा रंग दिवसाच्या उजेडातच तपासावा लागतो, आणि घरातला सगळ्यात चांगला उजेड स्वयंपाकघराच्या खिडकीत. तेव्हा सकाळी बघू, असं म्हणून तिनं ट्रे ओट्यावर खिडकीशी आणून ठेवला.

आणि सकाळी सहा वाजता, चष्मा डोक्यावर आणि झोप डोळ्यांत अशा अवस्थेत ती मफिनचं पीठ घेऊन ओट्याशी आली, तर समोर कागद लावलेला ट्रे तयार!

"काल झोपायच्या आधीच लावून ठेवला वाटतं मी," ती स्वतःशीच म्हणाली. "किती गं व्यवस्थित मी!"

पांढऱ्या वाटीतला पांढरा दात दिसायला चष्मा डोळ्यांवर असावा लागतो. तिनं ओट्स, पालक, गाजर आणि फ्लॉवर घातलेलं ते घट्ट पीठ बारा वाट्यांत ओतलं आणि ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. नवऱ्याच्या डब्यात तीन, लेकीच्या डब्यात तीन, सासऱ्यांच्या बशीत तीन आणि तिचे स्वतःचे तीन. सगळं दर बुधवारसारखं पार पडलं. साडेनऊला कुरिअरवाले काका येऊन तयार कामाची पाकिटंही घेऊन गेले होते; रंग बघायची राहिलेली कॅप ती दुपारी स्वतःच नेऊन देणार होती.

आता साडेदहा वाजले होते, आणि दुपारी दोनला ती कॅप पेशंटच्या तोंडात बसायची होती. मागच्याच महिन्यात एका कवळीला एक दिवस उशीर झाला, तेव्हा डॉक्टर अगदी शांतपणे म्हणाले होते, "एकदा होतं, मॅडम. दुसऱ्यांदा झालं तर मला दुसरीकडे बघावं लागेल." तिचं निम्म्याहून जास्त काम या एका डॉक्टरांचं. आणि नवी कॅप करायची तर दीड दिवस लागतो.

कॅपचं काही बिघडलं नसणार, हे तिला ठाऊक होतं. पंधराशे अंशांच्या भट्टीतून निघालेल्या दाताला ओव्हनचे एकशेऐंशी अंश म्हणजे कोवळं ऊन. पण जो कुणी विश्वासानं घास घेईल, त्याच्या तोंडात एक दात वाढून स्वतःचा एक कमी होणार होता.

"बाबा!" ती ओल्या हातांनीच बाहेरच्या खोलीत धावली. "मफिन कुठायत?"

सासऱ्यांनी पेपरवरून नजर वर केली. "खाल्ले की. मघाशीच."

"तिन्ही?"

"तिन्ही."

"खाताना काही कडक लागलं?"

सासऱ्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "दर बुधवारी लागतं. आज वेगळं असं काही नाही."

"अहो बाबा, त्यातल्या एकात दात होता!"

"कुणाचा?"

"पेशंटचा! गिळला असेल तुम्ही. चला, चपला घाला. पोटाचा फोटो काढायला हवा. त्यात नाही दिसला तर तोंडातून नळी घालून बघतील."

फोटोपर्यंत सासरे स्थिर होते. नळी ऐकल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली. "सूनबाई," ते म्हणाले, "जरा माझ्या खोलीत ये."

कपाटाच्या तळाशी बुटांचं एक मोठं खोकं होतं. त्यात चोवीस मफिन तीन-तीनच्या रांगांत लावलेले होते आणि प्रत्येक रांगेला तारखेची चिठ्ठी. सासऱ्यांची सगळी नोकरी दप्तरखान्यात गेली होती. सात रांगा वाळून खडखडीत झाल्या होत्या, आठवी ताजी होती.

"अन्न टाकवत नाही," सासरे खाली मान घालून म्हणाले, "आणि हे खाववत नाही. मग माणसानं करायचं काय?"

तिला फार वाईट वाटलं. आठ आठवडे पहाटे उठून किसलेली गाजरं तिच्या डोळ्यांपुढून गेली. पण वाईट वाटत बसायला वेळ कुठे होता? तिनं ताजे तीन उलटे करून बघितले. तिन्ही वाट्यांचे तळ कोरे होते.

सासऱ्यांनी खिशातून छोटी वही काढली. "तीन तपासले. राहिले नऊ."

"सहा. माझे मी सकाळीच खाल्ले."

"काही लागलं नाही ना?"

"नाही."

'माझे मी खाल्ले' हे वाक्य ती दर बुधवारी इतक्या सफाईनं बोलत आली होती, की आता तिला स्वतःलाही ते खरंच वाटायचं. तिनं नवऱ्याला फोन लावला. तो उचलेना. तिनं स्कूटर काढली, आणि नळीतून सुटलेले सासरे मदतीच्या उत्साहात, वहीसकट, मागे बसले.

नवरा एका आर्किटेक्टच्या ऑफिसात होता. नकाशे काढायचे आणि बांधायच्या इमारतींच्या छोट्या प्रतिकृती करायच्या, हे त्याचं काम. ती पोचली तेव्हा काचेच्या खोलीत मोठ्या टेबलाभोवती साहेब, नवरा आणि सुटातला एक ग्राहक उभे होते. टेबलावर नव्या वसाहतीची प्रतिकृती मांडलेली होती. पुठ्ठ्याच्या इमारती, सँडपेपरचे रस्ते आणि रस्त्यांच्या कडेनं झाडं. हिरव्यागार, गोल शेंड्यांची झाडं. मधूनमधून केशरी ठिपके असलेली.

स्वतःच्या हातचं कुणाला ओळखू येत नाही?

"झाडं मात्र अगदी जिवंत वाटतात हं," ग्राहक म्हणत होता.

"ही यांची खासियत," साहेबांनी तिच्या नवऱ्याकडे हात केला. "कशापासून करतात, ते आम्हालाही सांगत नाहीत."

नवऱ्यानं नम्रपणे मान झुकवली, वर केली, आणि त्याला काचेपलीकडे बायको दिसली. तिच्या मागे वही उघडून उभा असलेला बापही दिसला. तो कसाबसा बाहेर आला.

"तू इथे कशी?"

"आजचे तीन कुठले?"

"कसले तीन?"

"झाडं!" ती दबक्या आवाजात कडाडली.

नवऱ्याचा चेहरा पडला. "अगं, ऐक तर. कापसाची करून बघितली, स्पंजची करून बघितली, पण हा पोत कशालाच येत नाही. वार्निश मारलं की वर्षभर हलत नाहीत. कीडसुद्धा लागत नाही, खरंच." तो हे मनापासून कौतुकानं सांगत होता, आणि तेच तिला जास्त लागलं.

"त्यातल्या एकात दात आहे. माझ्या कामाचा. दोनला डॉक्टरांकडे द्यायचाय. झाडाखाली चारशे सतरा लिहिलं असेल."

नवरा पांढराफटक पडला. तिच्या कामाचं महत्त्व त्याला माहीत होतं. तो आत गेला, घसा खाकरला आणि म्हणाला, "साहेब, बागेतली तीन झाडं जरा तपासायची राहिलीत. ही आमची... या यातल्या जाणकार आहेत."

ती टेबलाशी गेली. पहिलं झाड उपटलं. तळ कोरा. दुसरं उपटलं. कोरा. तिसऱ्याचा डिंक वाळला होता. झाड हातात आलं आणि कागद जमिनीला चिकटून फाटला, त्यामुळे नंबर होता की नव्हता ते कळेना. ग्राहकाच्या कपाळावर आठी चढली. तिनं एकदा घड्याळाकडे बघितलं आणि सगळ्यांच्या देखत ते झाड हातानं चुरडायला सुरुवात केली. पालक निघाला, गाजर निघालं, फ्लॉवरचा तुरा निघाला. दात काही निघाला नाही.

"हे काय चाललंय?" ग्राहकानं विचारलं.

"गुणवत्ता तपासणी," साहेब म्हणाले. त्यांनाही ते तेव्हाच सुचलं असावं.

सासऱ्यांनी दाराशी उभं राहून नोंद केली. "सहा झाले."

नवरा जेवणाची सुट्टी टाकून आपली गाडी काढायला आला. "आणि तुझे तीन गं? तेही बघायला हवेत ना."

"माझे मी खाल्ले म्हटलं ना!" ती गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाली.

शाळेत पोचेपर्यंत पाऊण वाजला होता. मधली सुट्टी सुरू होऊन पंधरा मिनिटं झाली होती. म्हणजे लेकीनं आतापर्यंत घास घेतलाही असेल. पोरीचा आत्ता कुठे आलेला दुधानंतरचा पक्का दात तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि ती जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत वर धावली. वरच्या वळणावर ती मुख्याध्यापिकाबाईंच्या अंगावर आदळताआदळता राहिली.

बाईंनी तोंडावर हातरुमाल धरला होता. "अरे वा, बरं झालं भेटलात! माफ करा हं, रुमाल काढता येत नाही. परवा पायरीवरून पडले, पुढचा दात अर्धा तुटला. चार वाजता बक्षीस समारंभ आहे, पाचशे पालकांसमोर भाषण. पण दोनला कॅप बसणार आहे, डॉक्टरांनी शब्द दिलाय."

डॉक्टर तिला फक्त नंबर पाठवत, नावं कधीच नाहीत. चारशे सतरा नंबर तिच्यासमोर उभा राहून बोलत होता.

"बसेल हं, नक्की बसेल," ती म्हणाली.

"आणि तुमच्या मुलीचं किती कौतुक करावं! दर बुधवारी न चुकता शाळेच्या खतखड्ड्यासाठी घरून ओला कचरा आणते. आज तिला बक्षीस आहे."

"ओला कचरा," ती म्हणाली.

"पालक, गाजर, सगळं बारीक चिरून, बांधून! आमच्या खड्ड्यात आजवर असं खत झालं नव्हतं. वेळ कसा काढता हो तुम्ही?"

मागे नवऱ्याला अचानक खोकला आला. बाई दवाखान्यात जायला घाईनं खाली उतरल्या.

लेक मागच्या बागेत खड्ड्याशीच सापडली. आई, बाबा आणि आजोबा असे तिघं एकदम येताना बघून तिनं हातातला डबा पाठीमागे लपवला.

"आई, मी फक्त गांडुळांना देते," ती रडवेली होऊन म्हणाली.

"गांडुळांना आवडतात?"

"आधी नाही आवडले. मग सवय झाली."

तिनं पुढचं काही विचारलं नाही. बाह्या वर केल्या आणि खड्ड्यात कोपरापर्यंत हात घातला. नवऱ्यानं दुसरी बाजू धरली. पाच मिनिटं दोघं चिखल उपसत होती. सासरे छत्रीच्या टोकानं ढेकळं फोडत होते. वर्गाच्या खिडक्यांत पोरांची डोकी जमली. गांडुळं निघाली, सालं निघाली, कुणाचा तरी हरवलेला खोडरबर निघाला.

"तुम्हाला काय हवंय?" लेकीनं विचारलं.

"मफिनखालचे कागद गं, चिमणे!"

"ते सुक्या कचऱ्यात टाकलेत. ओल्यात कागद टाकायचा नसतो." लेकीनं शेजारचा डबा उघडला आणि नीट घडी घातलेल्या तीन वाट्या काढून दिल्या. "आणि ते मी हातानं पूर्ण कुस्करून टाकले. आत दगडबिगड काही नव्हतं."

तिन्ही वाट्या कोऱ्या होत्या.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. पडद्यावर 'डॉक्टर' अशी अक्षरं. तिनं चिखलाच्या हातात फोन धरून नुसतं बघितलं. तो वाजून वाजून थांबला. मिनिटाभरानं परत वाजला. तिला उचलायचा धीर होईना. काय सांगणार होती? दात केलाय, पण नक्की कुणी खाल्लाय ते बघतेय?

"नऊ," सासऱ्यांनी वही मिटली. "एकातही नाही. सूनबाई, आता राहिले तुझेच. तू तर ते खाल्लेस."

"हो."

"मग पोटाचा फोटो तुझाच काढायला लागेल."

"आणि नाही दिसला, तर नळी," नवरा काळजीनं म्हणाला. त्याच्या काळजीत खोट नव्हती.

तिघंही तिच्याकडे बघत होते. आणि तेव्हा कुठे तिनं स्वतःला खरं काय ते विचारलं. आज सकाळी आपले तीन आपण कुठे ठेवले? ठेवले नव्हते. साडेनऊला दारात कुरिअरवाले काका उभे होते, पाकिटांबरोबर तिनं त्यांच्या हातात एक पुडकंही दिलं होतं. दर बुधवारी द्यायची तसंच. पहिल्या बुधवारी तिनं स्वतःचा मफिन खाऊन बघितला होता, आणि दुसऱ्या घासाला उठून पाणी प्यायली होती.

काकांना पासष्ट वर्षं झाली असतील. त्यांच्या तोंडात मोजून सहा-सात दात.

"मी... मी जरा डॉक्टरांशी बोलून येते," ती म्हणाली आणि पळत सुटली. गाडीपाशी जाऊन तिनं काकांना फोन लावला. फोन बंद. गाडी चालवताना काका फोन बंद करून पिशवीत टाकत. तिसऱ्यांदा डॉक्टरांचा फोन आला, तोही तिनं वाजू दिला. आता तोंडानंच सांगायचं होतं, की दात नाही, आणि बहुतेक एका म्हाताऱ्या माणसाचाही दात आपण मोडलाय. दोन वाजून पाच मिनिटांनी ती दवाखान्याच्या दारात उतरली. समारंभासाठी दीडलाच शाळा सोडली होती, त्यामुळे तिच्या मागोमाग नवरा, लेक आणि सासरे असं सगळं घर उतरलं. तिला एकटीला सोडायचं नाही, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. तेवढं प्रेम आज तिला नको होतं.

बाहेरच्या बाकावर कुरिअरवाले काका बशीत चहा ओतून पीत बसले होते. तोंड शाबूत होतं. ती त्यांच्याशेजारी बसली. ती काही विचारणार, तोच आतलं दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात एक बशी होती, बशीत दोन तुकडे केलेला मफिन आणि पालथी घातलेली कागदाची वाटी. वाटीवर तिच्याच अक्षरात चारशे सतरा.

"मॅडम, तीन वेळा फोन केला मी तुम्हाला."

"डॉक्टर, माझं ऐकून घ्या, मी..."

"बसली! एकदम चपखल बसली. रंग तर असा जुळलाय, की आता मलाच शोधावा लागेल कुठला आपला आणि कुठला त्यांचा. दात मिळाल्याचं सांगायला आधी दोनदा फोन केला, आणि पेशंट लवकर आल्या म्हणून बसवून झाल्याचं सांगायला तिसऱ्यांदा." डॉक्टरांनी बशी पुढे केली. "फक्त हे पॅकिंग... म्हणजे, काही खास कारण?"

उत्तर काकांनीच दिलं.

"साहेब, त्यांची चूक नाही. चहाबरोबर खावं म्हणून मी कागद सोलायला गेलो, तर खाली नंबर, बाईंच्या अक्षरात. म्हटलं, आज चुकून डॉक्टरांचं सामान माझ्या पुडक्यात आलं. तसाच उठून आत दिला. पंचवीस वर्षं झाली या धंद्यात. नंबर घातलेला माल मी कधी खाल्ला नाही."

"काका," ती म्हणाली, "तुमचे उपकार कसे फेडू मी?"

"अहो, उपकार कसले? तुम्ही आठवणीनं दर बुधवारी तीनच्या तीन मला देता, ते काय कमी आहे? वर म्हणता, काका, घरात कुणाला कळू देऊ नका. असं कोण करतं हो आजकाल?" काकांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. "चहात बुडवून ठेवले की फार छान लागतात. थोडा वेळ लागतो, एवढंच."

नवऱ्यानं भिंतीवरचा दात घासण्याचा तक्ता वाचायला घेतला. लेक आईकडे एकटक बघत राहिली. सासऱ्यांनी सावकाश खिशातून वही काढली, उघडली, आणि नऊच्या खाली बारा लिहून दोन रेघा ओढल्या.

आतून मुख्याध्यापिकाबाई आल्या, रुमालाशिवाय. दारातच थांबून त्यांनी सगळ्यांकडे बघून तोंडभर हसून घेतलं. दोन दिवसांचं साठलेलं हसू होतं ते. ते बघून तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं.

त्या संध्याकाळी लेकीला बक्षीस मिळालं. साहेबांचा निरोप आला, की ग्राहक झाडांवर खूश आहे, अजून सहा लागतील. आणि आठवडाभर घरात मफिनचा विषय कुणीही, कुठल्याही कारणानं काढला नाही.

पुढच्या बुधवारी पहाटे ती उठली. चष्मा आधी डोळ्यांवर घातला, मग ट्रेची कड तपासली, मग एकेक वाटी उचलून आत आणि खाली बघितलं. बारा मफिन भाजले. सहा नवऱ्याच्या पिशवीत, वसाहतीसाठी. तीन लेकीच्या पिशवीत, गांडुळांसाठी. तीन काकांसाठी, आता उघडपणे, दारातल्या टेबलावर.

सासरे आशेनं आणि धास्तीनं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "आणि सूनबाई, खायला काय आहे?"

"बटाट्याची भाजी, बाबा. भरपूर तेलातली."

दर बुधवारसारखंच त्या दिवशीही डबे आणि बश्या चाटूनपुसून रिकाम्या झाल्या, आणि या वेळी सासऱ्यांच्या कपाटात बघायला कुणी गेलं नाही.